सांभाळणाऱ्याने सांगितलंच पाहिजे!

मीरा रोड स्टेशनबाहेर उभं राहून कोणालाही विचारा, 'इथे माहितीचा अधिकार कोणाला कळतो?' लोक माझंच नाव सांगतील! निदान माझ्या बिल्डिंगमधले तरी सांगतील. आमच्या रस्त्यावरचा दिव्याचा खांब का वाकला, बागेतला झोका कुठे गेला, सगळे अर्ज माझ्या हातचे. आता झोका काही परत आला नाही. पण 'सदर झोका या कार्यालयाच्या अभिलेखात आढळून येत नाही' असं सही-शिक्क्याचं उत्तर मी मिळवलं, आणि ते फ्रेम करून भिंतीला लावलंय!

मी पराग खानविलकर. आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे, मग परळची चाळ, चाळ पाडल्यावर मीरा रोड. नोकरी एका कुरिअर कंपनीत, हिशेब विभागात. ती आपली पोटासाठी. खरा जीव अर्जांत! घरी कोणी चहाला आलं तरी जाताना एखादा अर्ज लिहूनच जायचं. गर्दी वाढली तेव्हा मी घरातच 'माहिती अधिकार मार्गदर्शन केंद्र' उघडलं. टेबल, खुर्च्या, फायलींचं कपाट, दारावर पितळी पाटी. हे केंद्र आईच्या खोलीत होतं.

आई तेव्हा उत्तनजवळच्या तारोडीला होती. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्याच सुमाराला बिल्डिंगची लिफ्ट बंद पडली, मी आणि माझी बायको सुचेता दोघंही दिवसभर कामावर. म्हणून तिला आम्ही 'किनारा' नावाच्या वृद्धाश्रमात ठेवलं. छोटीशी धर्मादाय संस्था आहे, समुद्राला लागून. 'गुडघा बरा झाला की लगेच नेतो,' असं मी आईला सांगितलं होतं. गुडघा बरा झाला. लिफ्टही सुरू झाली. मग मी सांगितलं की तुझ्या खोलीला रंग चाललाय. तो रंग गणपतीला सुरू झाला आणि शिमगा झाला तरी संपेना! आई दर फोनला विचारायची, "रंग वाळला का रे?" आणि मी म्हणायचो, "एक हात बाकी आहे."

हे लिहिताना मान वर होत नाही. पण एवढं सांगितल्याशिवाय पुढचं तुम्हाला कळणार नाही.

एके दिवशी आई फोनवर म्हणाली, "पराग, इथलं दूध हल्ली पातळ लागतं रे. एकदा येऊन बघ."

माझे कान टवकारले! धर्मादाय संस्था, आणि म्हाताऱ्या माणसांच्या दुधात पाणी? मी तिथल्या तिथे टेबलाचा खण उघडला.

"काय करताय?" सुचेताने विचारलं.

"अर्ज! दूध कोणाकडून येतं, कोण तापवतं, तापवल्यावर किती आटतं आणि आटलेलं कशाने भरून काढतात!"

"अहो, अर्ज कसला? रविवारी जाऊन एक कप पिऊन बघा की!"

"जाऊन बघितलं तर पुरावा राहत नाही!"

"आईंना पुरावा हवाय की मुलगा?"

मी कोर्ट फी स्टॅम्पला गोंद लावत होतो.

पाकीट पोचलं त्या दिवशी किनाराच्या अंबिकाताईंचा फोन आला. संस्था त्याच चालवतात. बाई स्वभावाने इतक्या गोड की तक्रार करणाऱ्याची पंचाईत होते.

"परागदादा, पाकीट मिळालं हं. मला वाटलं आईंना काही पाठवलंत. उघडलं तर अर्ज! आणि हा दहा रुपयांचा स्टॅम्प आम्ही कुठे वापरायचा?"

"वापरायचा नसतो तो, ताई! उत्तर द्या."

"देते की. दूध ना, उत्तनच्या गोठ्यातून येतं आणि..."

"थांबा! तोंडी नको!"

"बरं, लिहून देते."

"कुठल्या कायद्याखाली?"

"कायदा कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून."

"नाही चालणार! माहिती उपकार म्हणून नको, हक्क म्हणून हवी!"

त्या हळूच म्हणाल्या, "पण दादा, तो कायदा आम्हाला लागू नाही म्हणतात. आम्ही सरकारचं काहीच घेत नाही ना."

झालं! माझ्या वर्मावरच बोट ठेवलं बाईंनी. वाकलेल्या खांबाची माहिती मागता येते आणि माणसाची नाही? सरकारी दवाखान्याला जाब विचारता येतो, मग खाजगी शुश्रूषागृहाने आणि धर्मादाय आश्रमाने काय पुण्य केलंय? माणूस ज्याच्या हवाली केला त्याला त्याच्याबद्दल विचारायचं नाही तर कोणाला? हा मुद्दा मला आजही शंभर टक्के पटतो, एवढी फजिती होऊनसुद्धा!

मी मोहीम उघडली. घोषणाही माझीच: 'खाजगी असो, धर्मादाय असो, सांभाळणाऱ्याने सांगितलंच पाहिजे!' आमच्या माहिती अधिकारवाल्यांच्या ग्रुपचा सेक्रेटरी दिपेश, एरवी विम्याची कामं करतो, त्याने माझं भाषण गच्चीवर मोबाईलमध्ये घेतलं आणि फेसबुकवर सोडलं. दिपेशला एक खोड आहे. लाईव्ह चालू असताना खाली येणाऱ्या कॉमेंट तो मोठ्याने वाचतो. 'मोठ्याने वाचलं की लोक टिकून राहतात, सर,' असं त्याचं म्हणणं. तेव्हा मला ही खोड फार गोड वाटली होती.

चारच दिवसांत अंबिकाताईंचा पुन्हा फोन. "परागदादा, तुमचं भाषण आम्ही हॉलमधल्या टीव्हीवर लावलं! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ट्रस्टींनी ठरवलंय, सरकार कायदा आणील तेव्हा आणील, आपण आपल्यापुरता आत्ताच लागू करायचा. रविवारी उद्घाटन आहे आणि प्रमुख पाहुणे तुम्ही!"

खरं सांगू? माझा हिरमोड झाला. मला नकार हवा होता! नकार मिळाला की अपील करता येतं, अपील फेटाळलं की आयोगाकडे जाता येतं. ही बाई सरळ 'हो' म्हणून मोकळी! पण शाल-श्रीफळ म्हटल्यावर मी विचार केला, चला, आईचीही भेट होईल. हो, आईची'ही'! असाच विचार केला मी.

रविवारी दिपेशला घेऊन तारोडीला पोचलो. हॉलमध्ये सगळी आजी-आजोबा मंडळी इस्त्रीच्या कपड्यांत बसली होती. आई पहिल्या रांगेत, हिरवं लुगडं नेसून. तिने मला बघितलं आणि शेजारणीला कोपराने ढोसलं. "माझा मुलगा," ती म्हणाली. मला बरं वाटलं.

स्टेजवर माझ्या शेजारी महिपतराव बसले होते. हेही तिथेच राहतात. आयुष्यभर एका सरकारी कार्यालयात होते आणि निवृत्त होईपर्यंत तिथले माहिती अधिकारी! म्हणजे मी ज्यांना अर्ज पाठवायचो त्या जातीतले. निवृत्तीनंतर बिचाऱ्यांना कोणी काही विचारलंच नव्हतं. आता किनाराचे माहिती अधिकारी म्हणून नेमणूक झाल्यावर खिशाला दोन-दोन पेनं लावून ताठ बसले होते.

मी भाषणाला उभा राहिलो, दिपेशने लाईव्ह सुरू केलं, आणि एकदा तोंड सुटल्यावर मला कोण आवरणार! "सांभाळणारा कोणीही असो, त्याला लपवायला जागा राहता कामा नये!" टाळ्या! "उत्तर द्यायची ज्याची तयारी नाही, त्याने माणूस सांभाळायला घेऊच नये!" आणखी टाळ्या!

महिपतरावांनी बोट वर केलं. "एक खुलासा हवा होता. सांभाळणारा म्हणजे फक्त नोंदणीकृत संस्था का?"

"छे! नोंदणी नसली तरी!"

"खाजगी म्हणजे अगदी घरगुतीसुद्धा?"

"खाजगी म्हणजे खाजगी! अपवाद ठेवला की पळवाट तयार होते, महिपतराव! तुम्हाला मी काय सांगायचं?"

"वा!" महिपतराव म्हणाले आणि पेन उघडून त्यांनी काहीतरी लिहून घेतलं.

मी खाली बसतो न बसतो तोच स्वयंपाकघराकडून एक बाई तरातरा आली. हातात दुधाचा भला मोठा ग्लास. ही दुर्गा, चौक गावची, तिथला स्वयंपाक तिच्याकडे असतो.

"दादा, तुमी कागदावर लिवलाव, माज्या दुधात पानी हाय! घ्या, प्या आता. समद्यांसमोर सांगा, पानी हाय का न्हाय!"

"अहो दुर्गाताई, मी फक्त माहिती..."

"आदी प्या!"

प्यायलो. दूध कसलं, खरवस होता होता राहिलेला प्रकार! एवढं दाट दूध मी परळ सोडल्यापासून प्यायलो नव्हतो.

"उत्तम आहे," मी म्हणालो.

"'साहेब, मिशीला साय लागलीय, पुसा,' असं रुचिता मॅडम लिहितात!" दिपेशने मोबाईलमध्ये बघून खणखणीत आवाजात वाचलं. हॉल हसला. मीही हसलो. म्हटलं, चला, एवढ्यावर निभावलं!

तेवढ्यात महिपतराव घसा साफ करून म्हणाले, "आता या योजनेतला पहिला अर्ज. अर्जदार, गिरिजाबाई खानविलकर. माहिती मागितली आहे खाजगी सांभाळणारे श्री. पराग खानविलकर यांच्याकडे."

मला वाटलं, म्हातारपणी माणसाचा घोळ होतो. "महिपतराव, माझ्याकडे नाही, संस्थेकडे. मी प्रमुख पाहुणा आहे!"

"घरगुती असले तरी चालेल, असं आपणच आत्ता म्हणालात. अपवाद नको, असंही म्हणालात." त्यांनी लिहिलेलं माझ्यासमोर धरलं. मग आईकडे वळले. "बोला, गिरिजाबाई. तोंडी विचारलंत तरी चालेल, आपली घरचीच योजना आहे."

आई काठी टेकत उठली. भाबडेपणाने म्हणा, नाहीतर उत्साहाने म्हणा, तिला यात काही वावगं वाटत नव्हतं. मुलाने सुरू केलेल्या कामाला आपला पहिला हातभार, अशा कौतुकाने ती उभी होती. "पराग, माझ्या खोलीचा रंग झाला का रे?"

आता इथे सरळ बोलायचं की नाही? पण समोर मोबाईल चालू, गळ्यात शाल, मांडीवर नारळ. आणि इतकी वर्षं सरकारी उत्तरं वाचून वाचून माझ्या तोंडाला जे वळण लागलं होतं, ते नेमकं तेव्हाच कामाला आलं!

"काम प्रगतिपथावर आहे," मी म्हणालो.

"हां. आणि खोलीत आत्ता काय ठेवलंय?"

"त्याबाबतची माहिती... संकलित करण्याचं काम सुरू आहे."

"'संकलित कसली? खोलीत ह्यांचं मार्गदर्शन केंद्र आहे. रंगाचा डबासुद्धा आणलेला नाही,'" दिपेश वाचत सुटला, "असं सुचेता वहिनी लिहि..."

त्याच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. आवाज 'लिहि'वरच अडकला. पहिल्यांदाच कोणाची कॉमेंट त्याने अर्धी सोडली.

हॉलमध्ये कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं! आईने दिपेशकडे बघितलं, मग माझ्याकडे. चेहऱ्यावर राग नव्हता. भाजीवाल्याने वजनात फसवलं हे घरी आल्यावर कळतं, तेव्हा ती अशी बघायची.

"बरं," आई म्हणाली. "खोलीचं राहू दे. मला घरी कधी नेणार, तेवढं सांग."

वाचकहो, या प्रश्नाला जगातला कुठलाही मुलगा 'आत्ता, चल' म्हणाला असता. माझ्या तोंडून काय निघालं ते ऐका.

"निश्चित कालमर्यादा सांगता येणार नाही. यथावकाश कळवण्यात येईल."

महिपतराव माझ्याकडे वळले. त्यांच्या डोळ्यांत खरोखरचा आदर होता.

"काय उत्तर दिलंत, साहेब!" ते म्हणाले. "माझी सगळी नोकरी हेच लिहिण्यात गेली, पण इतकं सफाईदार मला कधी जमलं नाही. आमच्या ऑफिसात असायला हवे होतात तुम्ही!"

त्या माणसाने मनापासून केलेली ती स्तुती होती. मला भुईत गडप व्हावंसं वाटलं. आजवर ज्या उत्तरांवर मी तळपायाची आग मस्तकात जाईपर्यंत भांडलो, ती मी माझ्या आईला दिली होती! सगळ्यांसमोर! लाईव्ह!

दुर्गा रिकामा ग्लास घेऊन तशीच उभी होती. आई तिच्याकडे वळून म्हणाली, "दुर्गा, तू मनाला लावून घेऊ नकोस गं. तुझं दूध चांगलंच असतं. दुधाचं मीच उगाच सांगितलं होतं याला. म्हटलं, तक्रार केली तर भांडायला म्हणून तरी येईल. याने पाकीट पाठवलं."

आणि ती खाली बसली. पदराने चष्मा पुसायला लागली. मी शाल काढून घडी घालत बसलो, कारण हाताला दुसरं काही सुचत नव्हतं. अंबिकाताईंनी सगळ्यांना चहा सांगितला. त्यांनी माझ्या कपात साखर जास्त घातली होती, हेही मला सहन होईना.

निघताना मी आईजवळ गेलो. "पुढच्या रविवारी नेतो तुला," मी म्हणालो. या वेळी साध्या मराठीत.

"बरं," आई म्हणाली. त्यापेक्षा जास्त काही नाही.

घरी पोचलो तर सुचेता दारातच उभी होती. ती ओरडली असती तर मी निदान काहीतरी उलट बोललो असतो! तिने फक्त स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात दिला आणि दारावरच्या पितळी पाटीकडे बोट दाखवलं. दुसऱ्या दिवशी सान्वी, आमची मुलगी, कॉलेजातून आली ती रडकुंडीला येऊन. "बाबा, सगळ्यांनी तो व्हिडिओ बघितलाय! कोणी नोट्स मागितल्या की एकमेकांना सांगतात, यथावकाश कळवण्यात येईल!"

मी आठवडाभर रजा टाकली. फायली माळ्यावर टाकल्या, टेबल विकलं, कपाट गॅलरीत काढलं. आणि रंग दिला. स्वतः दिला, दोन्ही हात मारून. पेंटरला बोलवायची सुचेताने सोय ठेवली नव्हती. 'ज्याने सांगितलं त्याने द्यायचा,' एवढंच ती म्हणाली. रंग कानात गेला, केसांत गेला, कंबर धरली. पण भिंती आईला आवडतो तसा फिकट पिवळा रंग पिऊन छान दिसायला लागल्या. पलंग पुन्हा खिडकीशी लावला. गाद्या उन्हात घातल्या. मग त्या पलंगावर मी एकटाच जरा बसलो, आणि पहिल्यांदाच माझ्या लक्षात आलं, की आईच्या खोलीत बसून मी इतक्या लोकांना 'तुमचा हक्क सोडू नका' असं सांगत होतो.

रविवारी तारोडीला गेलो. नाथाची रिक्षा केली होती. नाथा दुर्गाच्याच चौक गावचा, म्हणून परतीच्या भाड्याची घासाघीस न करता थांबला. आई पिशवी भरून तयार होती. निरोप द्यायला सगळे दारात आले. महिपतरावांनी माझ्याशी हात मिळवला. दुर्गाने सुकटीची पुडी आईच्या पिशवीत कोंबली आणि माझ्याकडे न बघता "मावशे, यायचं हाय परत गाठ घ्यायला," असं म्हणून आत निघून गेली. आईचे डोळे भरून आले. मला वाटलं होतं ती तुरुंगातून सुटल्यासारखी आनंदाने निघेल. तसं काही नव्हतं.

रिक्षा भाईंदरच्या रस्त्याला लागली. आई बराच वेळ बाहेर बघत होती.

"रंग खरंच दिलास?"

"खरंच दिला, आई. हे बघ." मी कानामागचा पिवळा डाग दाखवला. तिने तो नखाने खरवडून बघितला. विश्वास होता तिचा, पण खरवडून बघितला.

"खोली मिळाली ते बरं झालं," ती म्हणाली. "पण पराग, इथे संध्याकाळी आम्ही सगळी बोलत बसायचो. घरी तू आठला येणार, सुचेता साडेआठला, सान्वीच्या कानात ती गाण्याची बोंडकं. मी बोलायचं कोणाशी?"

मी हा प्रश्न स्वतःला विचारलाच नव्हता. रंगाचा विचार केला, गादीचा केला, पलंग कुठे ठेवायचा याचा केला.

"माझ्याशी बोल," मी म्हणालो. "अर्ज बंद. ऑफिसातून सुटलो की सरळ घरी येईन, तुझ्याजवळ बसेन. रोज."

आईने पुढे वाकून नाथाच्या खांद्याला हात लावला. "ऐकलंस का रे बाबा, काय म्हणाला ते?"

"आयकलं, मावशे," नाथा आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला. "पन साक्षीला म्हनून बोलावलाव तर म्या येनार न्हाय. मला या भानगडी नको."

आई हसली. माझ्या हातावर हात ठेवून नाथाला म्हणाली, "तुला नाही बोलवावं लागणार. हा माहिती अधिकारवाला आहे, हा कशाला खोटं बोलेल?"

आता हे तिने विश्वासाने म्हटलं की मला टोमणा मारला, ते मला कळलं नाही. आई घरी येऊन महिना होत आला. रोज संध्याकाळी मी तिच्या खोलीत बसतो, ती बोलते, मी ऐकतो. विचारलं तर ती चटकन सांगेल, माहिती दडवायची तिला सवय नाही. पण एवढा एक प्रश्न विचारायची माझी अजून छाती झालेली नाही.